आठवं भांडं

१

"पष्टे सर, तुमचं अक्षर चांगलं आहे. हिचा कबुलीजबाब तुम्हीच लिहा," असं म्हणून कोठावळे साहेबांनी कोऱ्या कागदांची चळत माझ्यापुढे सरकवली.

लहानी मेंगाळ भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. शेजारी खुर्ची रिकामी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि आपणहून ती बसली नसती.

हे २००१ सालच्या एप्रिलमधलं. शहापूरच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो होतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कोठावळ्यांचा लहानसा रसायनांचा कारखाना होता, तिथे आठवड्यातून तीन दिवस किन्हवलीमार्गे एसटीने जात असे. पुस्तकांचं कपाट लावायचं, धोक्याच्या पाट्या मराठीत लिहून द्यायच्या, कुणाशी फार बोलावं लागायचं नाही. मला ते मानवत होतं. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा घसा अजूनही सुकतो. वर्गात मुलं होती म्हणून निभावलं.

कारखान्यातल्या प्रयोगशाळेत जाड स्टीलची, झाकण आवळून भट्टीत तापवायची आठ भांडी होती. एकेक लहान कळशीएवढं, उचलायला मात्र पाट्यासारखं जड. बुधवारी ती भट्टीत गेली. शुक्रवारी भट्टी उघडली तेव्हा सातच निघाली. मधल्या दोन दिवसांत त्या खोलीत झाडायला फक्त लहानी गेली होती. शनिवारी कंपनीची जीप वैशाखऱ्याजवळच्या तिच्या डोंगरावरच्या वाडीवर गेली, घराची झडती झाली, भाताची कणगी अंगणात ओतली. काही सापडलं नाही. त्यामुळे तर साहेबांची खात्रीच पटली.

"इतक्या सफाईने लपवलंय म्हणजे बघा," ते म्हणाले. तेवढ्यात बाहेर फोन वाजला आणि ते उठून गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"लिवा मास्तर, काय लिवायचं ते," लहानी म्हणाली. "पन एक पयलं लिवा. बोडकी मंगळवारी धुयाला आलीच नाय."

"बोडकी कोण?"

"भांडं. तिच्या झाकनाची मूठ तुटलीय ना. शिंग मोडलेल्या शेळीला कसं बोलतात, तशी बोडकी. मला नंबर कुठं वाचता येतात? मी आठांना आठ नावं ठेवलीत. मोरी हाय, ढवळी हाय. मंगळवारी मी सात धुतली. बोडकी नव्हती."

बुधवारी भट्टीत आठ गेली आणि मंगळवारीच एक नव्हतं! मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"मला चोर बोला, कामावरून काढा. पन जीप आली तवा सगळी वाडी बघत होती. माझ्या सुनंनं मान खाली घातली. माझी चोरी नसंल ना, तर तीच जीप परत वाडीवर येऊ द्या. आली तशी. आन सगळ्यांम्होरं सांगू द्या. मला दुसरं काय नको."

साहेबांची पावलं वाजली. बोडकीचं वाक्य मी लिहून घेतलं होतं. का कोण जाणे, त्यावर तळहात ठेवला.

"झालं?"

"थोडा वेळ लागेल. नीट लिहायला हवं ना," मी म्हणालो.

"सोमवारी पोलिसांत द्यायचंय. तोवर लिहा." त्यांनी दाराकडे बोट केलं आणि लहानी उठली.

त्या दिवशी बुधवार होता.

२

ती भांडी कशासाठी होती हे सांगायला हवं.

माळशेज घाटात रस्त्यासाठी दरड फोडली की काळ्या पत्थराच्या पोटात पांढरे चमकते खडे दिसतात. त्यांतल्या काहींना जिओलाइट म्हणतात. बाहेरून दगड, आत मधाच्या पोळ्यासारखी बिळं, पण इतकी सूक्ष्म की रेणूसुद्धा निवडून आत जातात. कारखान्यात हाच दगड दोन दिवसांत बनवता येतो आणि बनवताना त्याच्या भिंतीत लोखंडाचे अणू बसवता येतात. मग तो उत्प्रेरक होतो. स्वतः न संपता इतर रसायनांचं काम घडवून आणतो.

जुन्या पद्धतीत विकतची सिलिका, म्हणजे वाळूचंच शुद्ध रूप, लागे, आणि अमाइन नावाचं, सडक्या मासळीसारखा वास मारणारं औषध लागे. त्याच्याभोवती बिळं घडतात. मग ते जाळून टाकायचं, उरलेलं पाणी नाल्यात. कारखान्यामागच्या नाल्याला त्यामुळे गुरंसुद्धा तोंड लावत नसत. डॉ. वाल्मिक निचिते पुण्याहून आला आणि त्याने दुसरी पद्धत बसवली. सिलिका भाताच्या तुसाच्या राखेतून घ्यायची आणि अमाइन घालायचंच नाही. दीड वर्षात नाल्याच्या काठाला लव्हाळा उगवला होता.

वाल्मिक माझा विद्यार्थी. आठवीत असताना मी त्याला घाटातला एक पांढरा खडा दिला होता. तो त्याने अजून जपून ठेवलाय, असं तोच मला सांगत असे. एकतीस वर्षांत मी एवढं एकच बरं काम केलं, असं मला वाटे.

त्या बुधवारी गुजरातेतल्या एका मोठ्या कंपनीचे लोक पद्धत विकत घ्यायला आले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत राख घातली, भट्टी लावली. शुक्रवारी झाकणं उघडली तेव्हा पांढऱ्या भुकटीऐवजी सातही भांड्यांत तांबूस चिखल होता. लोखंड दगडात बसलंच नव्हतं. पाहुणे एकमेकांकडे बघून हसले. वाल्मिक त्या दिवशी घरी गेला तो कामावर आलाच नव्हता. साहेब त्याचं नावही काढत नव्हते. आधीचे सगळे आकडे खोटे असणार, असं कारखान्यात बोललं जात होतं.

मी आधी अक्षय बांगरकडे गेलो. हा उत्पादन अधिकारी, वय अठ्ठावीस, रोज कल्याणहून येणारा. अमाइनची पिंपं त्याचा मेहुणा पुरवत असे, आणि दीड वर्षं ती बंद होती.

"सर, टाइम नाय माझ्याकडं," तो म्हणाला. "बॅचशीट बघा. डॉक्टरांनी लिहिलंय, आठ भांडी भट्टीत. खाली माझी सही. अजून काय पायजे?"

"तुम्ही मोजली होती?"

"पाहुणे कोट घालून उभे, आणि मी तिथं मेंढरं मोजत बसू? डॉक्टर बोलले आठ. मी सही मारली."

"आणि माल का बिघडला असेल?"

"तूस जाळून कधी केमिकल होतं का सर? ही केमिकल कंपनी हाय का वीटभट्टी? त्या चांगोनं राख कडक भाजली असणार. बास."

"भांडी धुवायला कुणी सांगितलं होतं?"

त्याने फाइलमधून इंग्रजीत टाइप केलेला एक कागद काढला. पाहुण्यांसाठी भांडी स्वच्छ करावीत: वीस टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, नव्वद अंशांवर, चार तास, नंतर तीनदा साध्या पाण्यात. खाली कोठावळे साहेबांची सही.

"साहेबांनीच काढलाय. मी स्वतः उभा राहून धुवून घेतली," तो म्हणाला. "सगळी."

"सगळी म्हणजे किती?"

अक्षयने कागद परत फाइलमध्ये खोचला.

३

तुसाची शेड कारखान्याच्या मागे होती. चांगो हरड उकिडवा बसून धुमसत्या ढिगाकडे बघत होता. किन्हवलीकडचा भातशेतीवाला माणूस, सहा महिने शेतावर, सहा महिने इथे.

"आला का मास्तर तुमी पन? राख कडक झाली, आसं बांगर बोलतो ना?"

"बोलतो खरं."

"त्याच्या बापानं कधी राब भाजलाय का, इचारा. भाताची रोपं टाकायच्या आदी राब भाजताना शेण, पालापाचोळा टाकून वर माती का पसरतो आमी? ज्वाळ उठू नये म्हनून. सावकाश धुमसला पायजे. ज्वाळ उठली की राख मेली. डॉक्टर पुण्याचं मशीन आननार व्हते, भाजायला. मी बोललो, रे, या मशीनपेक्षा माझी काठी बरी. बघितली त्यांनी राख, आन मशीनचा कागदच फाडला."

त्या बुधवारच्या राखेची गोणी अजून अर्धी होती. मी मूठभर राख कागदात बांधून घरी नेली आणि स्टीलच्या पातेल्यात कॉस्टिकच्या पाण्यात उकळली. "रिटायर झालात तरी माझ्या भांड्यांची सुटका नाय," आमची ही एवढंच म्हणाली. जास्त तापलेली राख वाळूसारखी तळाला राहते, विरघळत नाही. ही विरघळली. काजळीचे काळे कण तेवढे उरले. राख चांगली होती. चांगो खरं बोलत होता.

शुक्रवारी मी त्याला हे सांगायला गेलो. त्याला आनंद झाला नाही. "मला म्हाईतच व्हतं," म्हणाला. मी परत निघणार, तोच शेडच्या भिंतीकडे माझं लक्ष गेलं. कोळशाच्या रेघांचे गठ्ठे होते, एकाखाली एक.

"हे काय?"

"माझा हिशोब. दर खेपेला आठ मापटी राख देतो. भांड्याला एक मापटं. विसराया नको म्हनून रेघ."

मी गठ्ठे मोजले. आठ, आठ, आठ. शेवटचा पुन्हा मोजला. मग बोट लावून मोजला.

"चांगो, हे सातच आहेत."

"सातच मागितली. बुधवारी सकाळी चिठ्ठी आली. इंग्रजी येत नाय मला, आकडा वळखतो. सात."

"कुणाची चिठ्ठी?"

"बांगर घेऊन आला. हापिसच्या ट्रेमधी व्हती बोलला."

"कुठे आहे ती?"

त्याने धुमसत्या ढिगाकडे काठी दाखवली. "इस्तू धरायला लावली ना."

४

लहानी खोटं बोलत नव्हती. बुधवारी सकाळी, पाहुणे येण्याआधीच, कुणाला तरी माहीत होतं की भांडी सातच आहेत. आणि तरी कागदावर आठ लिहिली गेली.

मी आत जाऊन बॅचशीटवरचं अक्षर पुन्हा पाहिलं. ते मी आठवीपासून ओळखत होतो. वाल्मिकनेही सवयीने आठ लिहिलं असेल, मी स्वतःला म्हणालो. परीक्षेच्या दिवशी माणूस घाबरतो. मला अक्षयवर संशय घ्यायला जास्त आवडलं असतं.

लहानी रोज फाटकाबाहेरच्या करंजाखाली येऊन बसत असे. आत घेत नव्हते तरी यायची. मी तिच्याजवळ दगडावर बसलो.

"लहानीबाई, तुम्ही भांडी धुता म्हणजे नेमकं काय करता?"

आतापर्यंत सरळ उत्तर देणारी बाई एकदम खाली बघू लागली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मी फसलो की काय, असं वाटलं.

"सांगा. मी लिहीत नाही."

"मास्तर, माझी चूक हाय. पन चोरी नाय."

"काय चूक?"

"मी भांडी धुतच नव्हते. म्हंजे धुयाची, पन लख नाय. तळाला बोटभर पांढरं ठेवायची."

"का?"

"तुमी घरी दही लावता ना? विरजणाचं मडकं घासून कोरडं करता का?" ती आता घाईने बोलू लागली. "सुरवातीला सांगितलं तशी घासली. दोनदा तांबडा चिखल झाला, डॉक्टर डोकं धरून बसले. मंग एकदा नळाला पानी नव्हतं. भांडी तशीच ऱ्हायली, तशीच भरली. आन काय सपेत माल आला! मला कळलं, याला बी विरजण लागतंय. तवापासून ठेवते. बोडकीच्या बुडाला खोच हाय, तिच्यात जास्त ऱ्हातं. तिचा माल सगळ्यांत सपेत."

मी उन्हात बसून होतो आणि अंगावर काटा आला होता. जुन्या खेपेतले स्फटिक नव्या खेपेला घडण शिकवतात. अमाइन का लागत नाही, याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते या बाईच्या हातात होतं.

"आणि या वेळी?"

"या येळी कागद आला. बांगर सायेब डोक्यावर उभं. उकळत्या कास्टिकमधी चार तास. सात भांड्यांचं विरजण मीच मारलं, मास्तर. माल माझ्यानं बिघडला. ते लिवा. चोरी नका लिवू."

कबुलीजबाब मिळाला होता, पण भलत्याच गुन्ह्याचा, आणि तोही तिचा नसलेला.

"हे विरजणाचं कुणाला सांगितलं होतं?"

"एकाला. पयलं हसला. आठ दिसांनी येऊन परत इचारलं, सगळं, बोडकीचं पन."

"कोण?"

ती मान हलवत राहिली. "नाव नाय घेयाची मी. त्याला कशाला यात वढू? भला मानूस हाय. मला खुर्चीवर बस बोलला व्हता."

५

रविवारी मी वाशिंदला गेलो. वाल्मिकने तिथे स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत जागा घेतली होती. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. मला भरून आलं.

"या सर. बसा." त्याने खुर्ची पुसून पुढे केली. पुस्तकांच्या फळीवर घाटातला तो पांढरा खडा होता. खाली पुठ्ठ्याची खोकी, बांधलेली.

"निघालास कुठे?"

"इथे काय राहिलंय, सर? मला खोटारडा ठरवलंय सगळ्यांनी."

राख चांगली होती, हे मी त्याला सांगितलं. तो मान डोलावत राहिला. मग लहानीवर सोमवारी पोलिसांत तक्रार होणार आहे, हे सांगितलं.

"कोठावळेंना सांगा सर, सोडून द्या बिचारीला. तिला भांड्यातलं काय कळतंय? मी तर कधी तिच्याशी बोललोसुद्धा नाही. येते, झाडते, जाते."

"जीप गेली होती तिच्या वाडीवर."

"ऐकलं. वाईट झालं." त्याने पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. "तुम्ही या वयात एका बोडकीपायी उन्हातून फिरू नका, सर. तब्येत सांभाळा."

मी ग्लास तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिलो.

ते नाव लहानीच्या तोंडचं होतं. साहेबांनी ते ऐकलं नव्हतं. ते फोनवर होते. माझ्या कागदावर ते लिहिलेलं होतं आणि कागद माझ्या पिशवीत होता. कधी न बोललेल्या बाईने भांड्याला ठेवलेलं नाव वाल्मिकच्या जिभेवर आलं होतं, तेही रोजच्या वापरातलं असावं तसं.

६

मी ग्लास खाली ठेवला. फार वेळ काही बोललो नाही. शाळेतही मी मुलांना असाच गप्प राहून शिक्षा करत असे. दुसरी कुठली मला जमली नाही.

"तिला खुर्चीवर बस म्हणालास, ते बरं केलंस," शेवटी मी म्हणालो.

वाल्मिकचा चेहरा हळूहळू बदलला.

"धुण्याचा कागद साहेबांच्या सहीचा आहे. पण ते व्यापारी माणूस. ते 'चकचकीत करा' म्हणतील. वीस टक्के, नव्वद अंश, चार तास हे त्यांना कुठून सुचणार? अक्षय डिप्लोमावाला, भट्टीचा माणूस. जिओलाइटचा कण न कण विरघळवायला काय लागतं, हे त्या कारखान्यात एकालाच ठाऊक होतं. राखेच्या चिठ्ठीवर तू सात लिहिलंस, कारण राख उरली असती तर पाहुण्यांना दिसली असती. भट्टीच्या कागदावर आठ लिहिलंस, कारण भांडं आधीच गेलं होतं हे कळू द्यायचं नव्हतं. सुटीच्या दिवशी नेलंस ना?"

तो उठला. मला वाटलं, बाहेर जा म्हणेल. त्याने स्टूल घेतलं, माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या पायाशी ठेवलं. मूठ तुटलेलं झाकण. मी ते उघडलं. तळाच्या खोचेत पांढरी साय धरल्यासारखे स्फटिक होते.

"चोरायचं नव्हतं, सर. बोडकीचाच माल एवढा चांगला का, ते मला बघायचं होतं. घरी आणलं, तळ खरवडला, आणि कळलं की बाई म्हणते ते अक्षरशः खरं आहे. दोन वर्षं मी ज्याच्या मागे होतो ते..." तो थांबला. "त्याच आठवड्यात गुजरातवाल्यांनी मला वेगळं गाठलं. पद्धत कोठावळेंकडून घ्यायची तर त्यांना महाग. मी एकटा गेलो तर मला प्रयोगशाळा, हाताखाली सहा माणसं. इथे राहिलो असतो तर कोठावळेंनी पद्धत विकली असती आणि मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं असतं."

"म्हणून ती खेप बिघडवलीस."

"एक खेप, सर. फक्त एक."

"आणि लहानी?"

"मी तिचं नाव घेतलं नाही. तिचा मी विचारच केला नव्हता."

"तेच तर," मी म्हणालो. माझा आवाज चढला आणि त्याचीच मला भीती वाटली. "आता पेटंट घेशील. त्यात तिचं नाव घालशील?"

तो हसला. अगदी थोडं, पण हसला. "पेटंटात काय लिहू, सर? विरजण?"

मग एकदम माझ्यासमोर खाली बसला. "तुम्ही हे लिहून दिलंत तर माझं सगळं संपेल. तुम्हीच मला तो खडा दिला होतात."

मी फळीकडे बघितलं नाही. "सोमवारी सकाळी भांडं जागेवर पाहिजे. जसं आहे तसं. आणि साहेबांना तू स्वतः सांग."

"सांगतो," तो म्हणाला.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

७

संध्याकाळी घरी बसून मी अकरा पानं लिहिली. चांगोच्या रेघा, धुण्याचा कागद, विरजण, सगळं. लहानीबाईमुळेच ही पद्धत उभी राहिली, असं शेवटी स्पष्ट लिहिलं. अक्षर मुद्दाम ठळक काढलं.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर बोडकी होती. घासूनपुसून आरशासारखी लखलखीत. खोचेत कण राहिला नव्हता.

"बघा, आलं की नाही?" साहेब खुशीत होते. "निचितेचा फोन होता. गुजरातवाल्यांचाही. त्याला ते घेऊन जातायत. आपल्याकडून दोन वर्षं माल घेणार, जुन्या पद्धतीचा. बदल्यात कुणी आवाज करायचा नाही. सगळ्यांचं भलं झालं."

मी अकरा पानं पुढे केली. त्यांनी ती वाचली. खरं सांगायचं तर लक्ष देऊन वाचली. मग घडी घालून खणात टाकली आणि एक कोरा कागद माझ्यासमोर ठेवला.

"लिहा. भांडं गोदामात सापडलं. मोजणीत चूक झाली होती. कुणावर आरोप नाही."

"साहेब, हे खरं नाही."

"तिच्यावर केस नको ना तुम्हाला? मग लिहा."

मी लिहिलं. तीन ओळी. माझं अक्षर खरंच चांगलं आहे.

"लहानीबाईंना उद्यापासून यायला सांगू?" मी विचारलं.

"कुणाला?" त्यांनी खणाकडे बोट दाखवलं. "सर, तुम्हीच तर लिहिलंय. दीड वर्षं ती भांडी न धुता ठेवत होती. अशी बाई कामावर कशी ठेवू?"

मी उभाच राहिलो. ती ओळ मीच लिहिली होती, तिच्या कौतुकासाठी.

"निदान जीप पाठवा. वाडीवर जाऊन सांगायला. तिने तेवढंच मागितलंय."

"जीप पाहुण्यांना आणायला कल्याणला गेलीय. आणि सांगायचं काय त्यात? केस नाही म्हणजे नाही."

महिन्याभरात अमाइनची पिंपं परत आली. चांगोची शेड पाडली. नाल्याला पुन्हा तो वास सुटला. तीन वर्षांनी एका मासिकात मी वाल्मिकच्या पेटंटाची नोंद वाचली. तुसाच्या राखेपासून लोहयुक्त जिओलाइट, मागील खेपेचे स्फटिक दहा टक्के. पर्यावरणासाठी त्याला कसलासा पुरस्कारही होता. संशोधकाचं नाव एकच.

पण मला सांगायचंय ते त्याच सोमवारचं. कारखान्यातून निघालो तो घरी गेलो नाही. माळशेजच्या एसटीत बसलो, वैशाखऱ्याला उतरलो आणि डोंगराची वाट धरली. वाटेत दोनदा थांबलो. काय बोलायचं ते मनाशी घोकत होतो.

वाडीत पंधरावीस घरं. लहानी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला पाहून ती उठली आणि माझ्या मागे, खालच्या वाटेकडे बघू लागली. मी पुढे काही बोलायच्या आत तिने बायकांना हाका मारल्या, माणसांना बोलावलं. "या गो, या. मास्तर आलेत. कंपनीतून आलेत. सांगायला आलेत." तिची सून दारात आली. म्हातारे काठ्या टेकत आले. पोरं झाडावरून उतरली. सगळी माझ्यासमोर बसली आणि माझा घसा सुकला.

तरी मी बोललो. लहानीबाईने चोरी केलेली नाही. भांडं दुसऱ्याने नेलं होतं, ते परत मिळालं. नाव सांगितलं नाही, तेवढं धैर्य नव्हतं. चोरी तर नाहीच, उलट कंपनीतल्या शिकलेल्या माणसांना जे जमलं नाही ते हिने केलं, असं मी म्हणालो. दोनदा म्हणालो. शेवटी हात जोडले, कारण कुणीतरी जोडायला हवे होते.

लोक ऐकत होते. लहानी ताठ उभी होती, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत.

मग मागे बसलेली एक म्हातारी, धोंडीबाई, कपाळावर हात धरून खालच्या वाटेकडे बघत म्हणाली, "ते सगळं खरं मास्तर. पन जीप कुठंय?"

मी एसटीने आलो, असं सांगितलं.

"आसं होय," म्हातारी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्यामागे एकेक करून बाकीचे उठले.

लहानी खाली बसून मोहाची फुलं पसरू लागली.